विनावाहक

स्वारगेटच्या मेट्रो स्थानकात पहिल्यांदा उतरलो, तेव्हा आण्णांनी इकडंतिकडं बघून दोन माणसं शोधली. आधी कंडक्टर आणि मग कंट्रोलर. दोघंही सापडले नाहीत.

“मग गाडी सोडतं कोण?” त्यांनी विचारलं. आवाज घोगरा, त्यात सरकत्या जिन्याची घरघर. मला दोनदा ऐकावं लागलं.

“सिस्टीम सोडते, आण्णा.”

“आसं,” ते म्हणाले. “विनावाहक हाय म्हण की.”

साताऱ्याहून पुण्याला एसटीनं कधी आला असाल, तर ‘विनावाहक विनाथांबा’ ही पाटी तुम्ही वाचली असेल. तिकिटं स्टँडवरच द्यायची, गाडीत फक्त ड्रायव्हर, मधे कुठंही थांबायचं नाही. आण्णांचा या गाड्यांवर जुना राग. कंडक्टरशिवाय गाडी म्हणजे त्यांच्या मते विकेटकीपरशिवाय मॅच. होईल की मॅच, पण सुटलेला बॉल अडवणार कोण?

आण्णांनी तीस वर्षं सांगली डेपोत कंडक्टरकी केली. २०२३ साली निवृत्त झाले. आणि २०२४च्या दिवाळीनंतर, तीन महिने न जाणारा घसा दाखवायला म्हणून गेले, तर स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ निघाली. लवकर सापडली, शेक दिले की बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. शेक म्हणजे रेडिएशन. तीस शेक. सोमवार ते शुक्रवार, रोज एक, सहा आठवडे.

आता मिरज सोडून पुणं कशाला, असं सांगलीचा कुणीही विचारेल. मिरज म्हणजे डॉक्टरांचंच गाव. कर्नाटकातून लोक तिथं येतात. कारण सरळ होतं. मी एकुलता एक, मला सहा आठवडे सुट्टी मिळणार नव्हती. मुलाला गावी जाता येत नव्हतं म्हणून पेशंट मुलाकडं आला. आण्णा फक्त एवढंच म्हणाले, “मतदान करून येतो.” २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान केलं, शनिवारी शाई लागलेलं बोट घेऊन स्वारगेटला उतरले, आणि सोमवारी, २५ नोव्हेंबरला, आम्ही पहिल्या शेकासाठी मेट्रोत बसलो.

---

मी धनकवडीत राहतो. दक्षिणेकडून पुण्यात आलेल्या माणसाची ही ठरलेली जागा. सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, कोल्हापूर, कुठूनही या, कात्रजचा बोगदा ओलांडला की गाडीतली निम्मी माणसं पिशव्या काढायला लागतात. कात्रज, बालाजीनगर, पद्मावती, मग स्वारगेट. या रस्त्याचं पुण्यातलं नावच सातारा रस्ता. पोरं गावाकडच्या रस्त्यावरच, पण पुण्याच्या टोकाला राहतात. घरभाडं परवडतं हे एक कारण. शुक्रवारी रात्री कात्रजला उभं राहिलं की गाडी मिळते, हे दुसरं.

आमचा मार्ग असा होता. धनकवडीतून पीएमपीनं स्वारगेट. तिथून जांभळ्या मार्गिकेनं मंडई, कसबा पेठ आणि जिल्हा न्यायालय, ज्याला सगळे अजून सिव्हिल कोर्टच म्हणतात. तिथं गाडी बदलायची आणि वनाझच्या दिशेनं दुसरी मार्गिका धरायची. तिच्यावरच्या एका स्थानकापासून हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर.

स्वारगेटपर्यंतची मेट्रो तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. २६ सप्टेंबरला उद्घाटन ठरलं होतं. पुण्यात इतका पाऊस पडला की पंतप्रधानांचा दौराच रद्द झाला. मग २९ सप्टेंबर २०२४ला ऑनलाइन उद्घाटन झालं. त्याआधी स्वारगेटवरून हॉस्पिटलला जायचं तर रिक्षा करा, नाहीतर शनिपार, लक्ष्मी रस्ता, लकडी पूल असं रखडत जा. घशावर उपचार चाललेल्या माणसाला त्या धुरातून रोज नेणं मला जमलं नसतं. मेट्रोवर पुण्यात पुष्कळ विनोद होतात, मीही केले आहेत. पण त्या सहा आठवड्यांत एकही केला नाही.

पहिल्या दिवशी गाडी स्वारगेटहून निघाली, खिडकीबाहेर काळोख झाला आणि आण्णांनी विचारलं, “हा सगळा बोगदा किती लांब?”

“स्वारगेटपासून शिवाजीनगरच्या पुढं वर येईपर्यंत. सहा किलोमीटरच्या आसपास.”

“म्हणजे एक टप्पा.”

हे मला कधीच सुचलं नसतं. एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर चालतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. सांगली ते स्वारगेट साधारण २३० किलोमीटर, म्हणजे चाळीसच्या आत-बाहेर टप्पे. आण्णांच्या डोक्यात सगळा जिल्हा, शेजारचा सातारा आणि कर्नाटकाची कड अशी सहा-सहा किलोमीटरमध्ये कापून ठेवलेली आहे. मुळा, मुठा आणि पवना अशी नावं दिलेल्या यंत्रांनी जुन्या वाड्यांच्या खालून, मुठा नदीच्याही खालून हे भुयार खोदलं, हे मी त्यांना कौतुकानं सांगत होतो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि टप्पा क्रमांक एक म्हणून नोंदवून टाकलं.

“खंबाटकीचा बोगदा झाला तवा पण लोक आसंच सांगत बसायचे,” ते म्हणाले. “पुण्याला जाताना बोगदा, येताना घाट. आम्हाला येतानाच झोप यायची.”

---

सिव्हिल कोर्ट स्थानक देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक आहे. फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. म्हणजे दहा मजली इमारत उलटी पुरल्यासारखं. आणि बदलायची दुसरी गाडी जमिनीखाली नाही, वर खांबांवर. म्हणजे पाताळातून निघून रस्ता ओलांडून आभाळाकडं जायचं. एकामागून एक सरकते जिने. वरून मोठ्या झरोक्यातून उन्हाचा झोत खाली उतरतो. पहिल्या दिवशी आण्णा त्या उन्हात थांबले. दमले म्हणून थांबले असं मला वाटलं, पण ते माणसं मोजत होते.

“सकाळी साडेनऊला एवढीच?”

ही त्यांची सवय आहे. गाडीत चढताना ते अजूनही नकळत डोकी मोजतात. मशीन यायच्या आधीच्या काळात तिकिटांचा ट्रे, पंच आणि वेबिल एवढ्यावर त्यांचा धंदा चालायचा. डोकी किती, तिकिटं किती, पैसे किती, हे तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. चेकर चढला आणि एक माणूस विनातिकीट निघाला, तर दोष माणसाचा असला तरी केस कंडक्टरवर. भरणा करताना पैसे कमी पडले तर कंडक्टरच्या खिशातून. लहानपणी रात्री आण्णा आले की आई आधी त्यांचा चेहरा बघायची. चेहऱ्यावरून कळायचं, आज हिशेब जुळला की नाही.

दुसऱ्या गाडीत उजेड होता. पुणे महानगरपालिका, संभाजी उद्यान, डेक्कन. इथं गाडी मुठेच्या काठाकाठानं जाते आणि खाली नदीपात्रातला रस्ता, पूल, धुणं वाळत घातलेल्या गच्च्या दिसतात. नळ स्टॉपला तर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर आपण. आण्णा खिडकीला नाक लावून बसायचे. मला वाटायचं, मजा घेताहेत. मग त्यांनी एकदा विचारलं, “हिथं बाबा कुठं?” तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना गाडीपेक्षा माझी आठवण काढायची होती.

कारण या मार्गिकेवर एक जुनी गोष्ट पडून होती.

---

६ मार्च २०२२ हा पुणे मेट्रोचा वाढदिवस. त्या दिवशी पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी आणि वनाझ ते गरवारे कॉलेज असे दोन तुकडे सुरू झाले. दोन्ही एकमेकांना जोडलेले नव्हते. कुणाला त्यातून ऑफिसला जाता येत नव्हतं. तरी दुपारनंतर लोक जत्रेसारखे लोटले. तेव्हा मी कोथरूडला तीन मित्रांबरोबर राहत होतो. आम्ही वनाझला बसलो, गरवारेला उतरलो, परत वनाझला आलो. काचेत मागं डोंगर दिसतोय असा फोटो काढला आणि स्टेटसला लावला. खाली लिहिलं, “फायनली, माझ्या शहरात मेट्रो!”

त्या वेळी आण्णा संपावर होते.

एसटीचा तो संप आठवत असेल. २०२१च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला आणि विलीनीकरणाची मागणी घेऊन सगळ्या महाराष्ट्रात पसरला. महिन्यामागून महिने गेले. डेपोबाहेर मंडप, आत रांगेत उभ्या गाड्या. कर्मचाऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या येत होत्या. शेवटी उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि लोक परतले. गावागावांतली म्हातारी माणसं, शाळेच्या पोरी, दवाखान्याला जाणारे पेशंट मधले पाच-साडेपाच महिने अडकले होते, हेही खरंच. आण्णांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. रोज त्यांनाच तर ते नावानिशी भेटायचे.

संपात पगार नव्हता. मी पैसे पाठवले. आण्णांनी आईच्या फोनवरून ते परत पाठवले. मी चिडलो. फोनवर म्हणालो, “आण्णा, कामावर जा. हे असं विलीनीकरण वगैरे होत नसतं. आकडे बघा जरा.” नोकरीला लागून मला दोनच वर्षं झाली होती आणि सगळ्या जगाला आकडे दाखवायची खुमखुमी होती. आण्णा म्हणाले, “तुझं बरोबर आसंल,” आणि फोन आईकडं दिला. तेव्हापासून आमचं बोलणं तब्येत आणि हवापाण्यावर आलं होतं.

६ मार्चच्या रात्री त्यांचा फोन आला. त्यांनी माझं स्टेटस पाहिलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “गर्दी हुती का?”

“खूप.”

“तिकीट?”

“मशीनवर. नाहीतर मोबाइलवर.”

“बरं हाय,” ते म्हणाले. “जपून चढ-उतर कर.”

त्या दिवशी मंडपात ते किती वाजेपर्यंत बसले होते, जेवले का, हे मी विचारलं नाही. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा मंजूर झाला तेव्हा अंदाजे खर्च होता ११,४२० कोटी, लांबी ३१.२५ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींहून जास्त. हा भागाकार मी नंतर कधीतरी केला. शहराला मेट्रो नको होती असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्या मेट्रोनं माझ्या बापाला रोज दवाखान्यात नेलं तिच्याबद्दल मी असं म्हणू शकत नाही. फक्त, आकडे बघा असं मी ज्यांना सांगत होतो, त्यांनी हा आकडा मला कधीच ऐकवला नाही.

वनाझकडं जाणाऱ्या गाडीत आण्णांनी “हिथं कुठं फोटो काढलावता?” असं विचारलं, तेव्हा अडीच वर्षं झाली होती. मी गरवारेच्या फलाटाकडं बोट दाखवलं. त्यांनी बघितलं. गाडीची दारं लागली.

“तुझं शहर चांगलं हाय,” ते म्हणाले. टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

---

मी काय काम करतो हे आण्णांना तोवर नीट माहीत नव्हतं. “कॉम्प्युटरवर” एवढंच. पाहुण्यांनी विचारलं की ते तेवढंच सांगायचे, आणि मीही कधी पुढचं सांगितलं नव्हतं. त्या सहा आठवड्यांत सांगावं लागलं, कारण त्यांनी मेट्रोला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि उत्तरं देणं माझ्याकडं आलं.

पहिला प्रश्न घंटीचा. एसटीत सिंगल बेल म्हणजे थांब आणि डबल बेल म्हणजे चल. ड्रायव्हर मागं बघत नाही, दोरीवर भरवसा ठेवतो. “हिथं डबल बेल कोण देतं?” मी सांगितलं, की प्रत्येक गाडी रेडिओवरून आपण कुठं आहोत हे सतत कळवत असते. त्यावरून यंत्रणा ठरवते, पुढं किती अंतर मोकळं आहे. पुढची गाडी सरकली की मागचीला तेवढी वाट मिळते. चालक पुढं असतोच, पण वेग आणि ब्रेक बहुतेक वेळ यंत्रणा सांभाळते. सगळी दारं नीट लागल्याचा इशारा मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही.

“मग दारं लागल्याचा इशारा हीच डबल बेल,” आण्णा म्हणाले. यापेक्षा चांगलं मलाही समजावता आलं नसतं.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. लोक मोबाइलवर तिकीट काढतात, पैसे बँकेतून जातात, गेट उघडतं. “आन् कमी पडलं तर भरतं कोण?”

मी हसलो, कारण माझी नोकरी बरोबर हीच आहे. मी एका कंपनीत पेमेंटचा हिशेब जुळवणारं सॉफ्टवेअर लिहितो. पैसे कापले पण तिकीट आलं नाही. तिकीट आलं पण पैसे दोनदा गेले. बँक एक आकडा सांगते, दुकानदार दुसरा, मधला गेटवे तिसरा. रोज सकाळी न जुळलेल्या व्यवहारांची यादी माझ्यासमोर येते आणि ती जुळवायची. तिन्ही आकडे एक झाले की दिवस संपला.

“आरं मग वेबिलच की हे!” आण्णा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की आवाज फाटला आणि त्यांना खोकला आला. शेजारच्या मुलीनं पाण्याची बाटली पुढं केली.

“वेबिलच,” मी म्हणालो. “फक्त कमी पडलं तर माझ्या खिशातून जात नाही.”

“मग काय करता?”

“तिकीट काढतो. आमच्याकडं चूक सापडली की तिचं तिकीट करतात. ती दुरुस्त झाली की तिकीट बंद.”

आण्णांना हे फार आवडलं. पुढं कित्येक दिवस ते संध्याकाळी विचारायचे, “आज किती तिकिटं फाडली?” पाच वर्षं मी नोकरी करत होतो आणि माझ्या बापानं माझ्या कामाबद्दल नेमका प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. बरोबर प्रश्न होता. माझ्या मॅनेजरचाही रोजचा प्रश्न तोच असतो.

---

आठवड्यातून दोन दिवस मला हिंजवडीला ऑफिसात जावं लागायचं. त्या दिवशी मी आण्णांना हॉस्पिटलच्या दारात सोडून पुढं जायचो आणि ते एकटे परत यायचे. साडेअकरा-बाराला घरी पोचायला हवे होते. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की ते दोन-दोन वाजता पोचतात. विचारलं तर म्हणायचे, “गाडी चुकली.” मेट्रोची गाडी चुकली तरी दहा मिनिटांत दुसरी येते. मी घाबरलो. चक्कर येत असेल, कुठं बसून राहत असतील, सांगत नसतील.

एका बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि स्वारगेटला थांबलो. आण्णा तिकिटाच्या मशीनजवळ उभे होते. समोर धोतर-टोपीतले एक आजोबा, सोबत सून आणि तिच्या कडेवर पोर. आण्णा मशीनकडं बोट दाखवून त्यांना काहीतरी सांगत होते. आवाज एव्हाना निम्मा गेला होता. ते आजोबांच्या कानाशी वाकून बोलत होते.

मी बाजूला उभा राहिलो. पंधरा मिनिटांत त्यांनी चार जणांना लावून दिलं. एकाला पिंपरीला जायचं होतं, एकाला ससूनला. ससूनवाल्याला त्यांनी सांगितलं, सिव्हिल कोर्टला उतर, वर जा, रामवाडीकडची गाडी धर. बरोबर सांगितलं. तो कडेगावचा निघाला. आण्णांनी कडेगाव ते विटा किती टप्पे ते त्याला सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

तिथं मेट्रोची माणसं नसतात असं नाही. खिडकी असते, कर्मचारी असतात, गणवेशातल्या मुली-मुलं विचारलं की नीट सांगतात. पण विचारावं लागतं. आण्णांचं म्हणणं एवढंच होतं. “गावाकडचा माणूस विचारत न्हाई, लेका. त्याला वाटतं, आपलं हसं हुईल. तो उभाच ऱ्हातो. कंडक्टरला ते उभं ऱ्हाणं वळखू येतं.”

मी रोज स्क्रीनवर बटणं कुठं ठेवायची यावरच्या मीटिंगमध्ये बसतो. लोक कुठं अडतात हे बघायला आमच्याकडं चार्ट असतात. त्यातल्या एकाही चार्टवर न विचारता नुसता उभा राहणारा माणूस दिसत नाही. तो बटण दाबतच नाही, म्हणून त्याची नोंदच होत नाही.

घरी जाताना त्यांनी आणखी एक तक्रार सांगितली. सांगलीच्या रातराण्या पहाटे चार-पाचला स्वारगेटला टेकतात आणि पहिली मेट्रो सुटते सहाला. “दीड तास लोक स्टँडवर कुडकुडत बसत्यात. आन् शेजारीच एवढं मोठं बंद.” ते म्हणाले, वरच्या टाइमटेबलवाल्यानं खालच्याला एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं. स्वारगेटला वर एसटी, रस्त्यावर पीएमपी, खाली मेट्रो. त्यांच्या मते तिघांचा मिळून एक कंट्रोलर हवा.

---

चौथ्या आठवड्यात आई आली. आई साताऱ्याची, आणि सातारा-सांगली हा आमच्या घरातला न संपणारा सामना. शनिवारी शेक नव्हता, शिवाय शनिवार-रविवारी मेट्रोचं तिकीट ३० टक्के कमी. म्हणून तिला नुसतंच फिरवायला नेलं. तिनं आल्या-आल्या जाहीर केलं, की पुणे मेट्रो चालवणाऱ्या पहिल्या मुलींमधली एक साताऱ्याची आहे, पेपरात आलं होतं. आणि आशियातली पहिली रेल्वेचालक बाई म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या सुरेखा यादवही साताऱ्याच्याच. त्यांनी मुंबईत लोकल चालवली, २०११ साली महिला दिनाला डेक्कन क्वीन पुण्याहून घाट उतरवून नेली, २०२३ला सोलापूरची वंदे भारत मुंबईला पोचवली. “सांगलीनं काय दिलं रेल्वेला?” आईनं विचारलं.

आण्णांनी खिशातून वही काढली. तोवर त्यांना बोलायला मनाई झाली होती. घसा आतून भाजल्यासारखा झाला होता, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. मशीनखाली त्यांच्या चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून तो टेबलाला अडकवायचे, म्हणजे मान हलू नये. शेक पाच-दहा मिनिटांचा. बाहेर आले की गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. मेट्रोत समोरचे बघायचे. आण्णा मफलर वर ओढून घ्यायचे.

वहीत त्यांनी लिहिलं, “मिरज जंक्शन.”

आई म्हणाली, “मिरज म्हणजे सांगली नव्हं.” मिरजेचा कुणी शेजारी बसला असता तर त्यानंही टाळी दिली असती.

त्या दिवसांत गाडीत मी त्यांच्या शेजारी बसून निवेदन ऐकायचो. पुढील स्थानक मंडई. पुढील स्थानक कसबा पेठ. स्वच्छ, न थकणारा, रोज तोच आवाज. आण्णांनी तीस वर्षं हेच काम केलं होतं. तासगाव, विटा, इस्लामपूर, कराड, उंब्रज. “चला कराड, कराडवाले पुढं या, सुट्टे काढून ठेवा.” धुळीत, डिझेलच्या वासात, खिडक्या खडखडत असताना मागच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज काढायचा. घसा त्यानं गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. त्यांनी बिडीकडं बोट दाखवलं आणि ते बरोबरच असणार. पण निवेदनाचा आवाज सुरू झाला की मी आण्णांकडं बघायचं टाळायचो. एकदा नजर गेली, तर ते डोळे मिटून, ओठ न हलवता ऐकत होते. वहीत लिहिलं, “उच्चार चांगला. पण झोपलेल्याला उठवत नाही.”

---

नाताळची एक सुट्टी आली म्हणून तिसावा शेक ६ जानेवारीला पडला. परत येताना आण्णा स्वारगेटच्या फलाटावर थोडे रेंगाळले. मशीनपाशी कुणी नव्हतं. कुणी उभं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

वर आलो. दुसऱ्या दिवशीचं सांगलीचं रिझर्व्हेशन मी मोबाइलवर करणार होतो. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. सकाळी स्टँडवर गेले, फलाटावर गाडी लागेपर्यंत उभे राहिले, कंडक्टरच्या हातून तिकीट घेतलं. कंडक्टर पंचविशीतली मुलगी होती. आण्णांनी तिला वही दाखवली. काय लिहिलं होतं ते मला दिसलं नाही. तिनं ते वाचलं, हसली आणि त्यांना पुढची, तिच्या शेजारची सीट दिली.

गाडी सुटताना मी खिडकीपाशी गेलो. मला सांगायचं होतं, की संपाच्या वेळी मी फोनवर जे बोललो ते चुकलं. विलीनीकरणाबद्दल माझं मत आजही तेच असेल किंवा नसेल, पण जेवलात का हे आधी विचारायला हवं होतं. स्टँडवर एवढा गोंगाट, की तेवढं मोठ्यानं ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. आणि त्यांना उत्तर देता येत नव्हतं, म्हणून एकतर्फी सांगणं मला भित्रेपणाचं वाटलं. डबल बेल झाली. गाडी निघाली.

ते मी एप्रिलमध्ये सांगितलं, फोनवर. त्यांचा आवाज परतला होता. पूर्वीसारखा नाही, कोरड्या पानावर पाय पडल्यासारखा, पण आवाज. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी पैसे परत धाडायला नको हुते.” दोघांचा हिशेब त्यापुढं आम्ही वाढवला नाही.

नंतर त्यांनी विचारलं, “कात्रजची मेट्रो कुठवर आली?”

मी सांगितलं, की भूमिपूजन झालंय, काम व्हायला वेळ लागेल. स्वारगेटपासून सातारा रस्त्याच्या खालून, सगळी भुयारी.

“किती लांब?”

“साडेपाच किलोमीटर.”

“म्हणजे एक टप्पा.”

“टप्प्याला अर्धा कमी, आण्णा.”

“टप्पा आर्धा धरत न्हाईत,” ते म्हणाले. “पुराच धरायचा.”